कृतज्ञता आणि गाऱ्हाणं

देवाने जीव वाचवला. त्यानंतर मागे राहिलेल्या दुखण्याविषयी बोलणं हा कृतघ्नपणा होतो का? गेली चार वर्षं हा प्रश्न माझ्या सोबतीला आहे.

स्तनाच्या कर्करोगाची माझी शस्त्रक्रिया झाली, मग किरणोपचार झाले, ज्याला आपल्याकडे 'लाईट देणं' म्हणतात. रोग गेला, पण काखेत आणि दंडाच्या आतल्या बाजूला जळजळ राहिली. नारळ खवताना, दोरीवर ओली साडी टाकताना कळ येते. रात्री कूस बदलली की जाग येते. कुणाजवळ 'दुखतं' म्हटलं की उत्तर ठरलेलं, "वाचलंस मा गो, आणखी काय व्हया?" बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते, पण आपलं बोलणं तिथेच खुंटतं.

हे दुखणं मनाचे खेळ नव्हेत. काखेतल्या गाठी काढताना तिथून दंडाकडे जाणारी संवेदनेची नस कापली किंवा ताणली जाऊ शकते. जखम भरते, पण नस वेदनेचे खोटे निरोप पाठवत राहते. किरणांमुळे त्वचेखालचा भाग घट्ट होऊ शकतो, तो वेगळाच. डेन्मार्कमधली एक पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेला दोन-तीन वर्षं झालेल्या ३,२५३ स्त्रियांपैकी १,५४३ जणींनी, म्हणजे ४७ टक्क्यांनी, दुखत असल्याचं सांगितलं. एवढ्या सगळ्यांची श्रद्धा कमी पडली असं कोण म्हणेल?

'प्रारब्धाचे भोग भोगूनच संपवावेत' असं आपण म्हणतो. जे टळत नाही ते सोसायला हा विचार बळ देतो, हे खरं. पण गुरुचरित्राचा तेरावा अध्याय आठवा. पोटशूळाने गांजलेला ब्राह्मण नदीत जीव द्यायला निघाला होता. श्रीगुरूंनी त्याला बोलावून घेतलं, त्याचं दुःख विचारलं आणि सायंदेवाच्या घरी पोटभर जेवू घातलं. प्रारब्धाचा हवाला देऊन त्याला परत पाठवलं नाही. स्वतःचे भोग सोसावेत, पण दुसऱ्याला 'सोस' म्हणून सांगू नये, असा अर्थ मी त्यातून घेते.

आपल्या माणगावच्या श्रीटेंब्येस्वामींना संग्रहणीचा जुनाट त्रास होता, तरी त्यांनी देशभर पायी संचार केला. सहनशीलतेचं हे उदाहरण आपण नेहमी देतो. पण करुणात्रिपदीही त्यांचीच, आणि ती देवाजवळ केलेली कळवळ्याची विनवणी आहे. सोसणं आणि विनवणं एकाच संताठायी सुखाने नांदलं.

माझा जन्म बँकेच्या खातेवह्यांत गेला. जमेची रक्कम मोठी आहे म्हणून नावेची नोंद खोडता येत नाही, दोन्ही लिहाव्या लागतात. वाचलेला जीव जमेला आहे, जळणारा दंड नावे आहे. एक नोंद दुसरीला खोटं ठरवत नाही.

आपल्या कोकणात तर देवाला करायच्या प्रार्थनेलाच 'गाऱ्हाणं' म्हणतात. ते सर्वांदेखत घालतात आणि जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मात्र गाऱ्हाण्याला वेळ असते, रीत असते आणि ते संपतं. दिवसभर चालतं ते रडगाणं. हा फरक आपण दुखणाऱ्यांनी पाळावा.

गाऱ्हाणं डॉक्टरांकडेही न्यावं. नसांच्या दुखण्याची औषधं साध्या वेदनाशामक गोळ्यांपेक्षा वेगळी असतात. हाताचे व्यायाम शिकून नेमाने करावेत. हात सुजला, लाल झाला किंवा नवीन गाठ लागली तर थांबू नये. माझं दुखणं या उपायांनी कमी झालं, गेलं नाही. पण आता ते लपवण्याचा शीण उरलेला नाही.

आणि घरातल्या मंडळींना एकच विनंती. ती 'दुखतं' म्हणाली तर 'वाचलीस ना' म्हणू नका. 'व्हय' म्हणा, आणि कळशी तिच्या हातातून घ्या. तीही दत्तसेवाच आहे.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥