बीजाची सुप्ती आणि जीवाची योग्यता

अंकुर दिसत नाही म्हणून दाणा मेला, असे म्हणता येत नाही. मेलेला दाणा आणि निजलेला दाणा डोळ्यांना सारखेच दिसतात. सागाच्या फळाचे कवच इतके कठीण की रोपवाटिकेत ते आळीपाळीने भिजवावे व वाळवावे लागते. बाभळीचा दाणा शेळीच्या पोटातून गेला की अधिक सहज रुजतो. काही बीजांत कवच आड येत नाही. आतील अ‍ॅब्सिसिक आम्लच गर्भाला आवरून धरते. हे आवरणे व्यर्थ नव्हे. अवकाळी सरीला भुलून सारेच दाणे एकदम रुजले, तर पुढील उघडिपीत ते कूळच बुडावयाचे.

ही निद्रा किती दीर्घ असावी? अमेरिकेतील मिशिगन येथे विल्यम बील यांनी 1879 साली वीस बाटल्यांत तणांचे दाणे वाळूत मिसळून पुरले. त्यांतील एक बाटली 2021 साली उकरली, तेव्हा 142 वर्षांनंतरही काही दाणे रुजले!

दार्ष्टान्तिक असे. देवता नित्यबद्ध, जीव मात्र बद्धमुक्त. म्हणून त्याच्या ठायी योग्यता आहे. परंतु दाणा आपले पाणी आपण निर्माण करीत नाही, तसे जीवालाही ज्ञान परमेश्वरापासूनच. येथे दृष्टान्त एकदेशी घ्यावा. बीजाची निद्रा त्याचे रक्षण करते. अविद्या जीवाचे रक्षण करीत नाही.

तेव्हा वीस वर्षे निरूपण ऐकूनही जो वासनिक जागचा हलत नाही, त्याला अपात्र ठरविणाऱ्याने कोणत्या खुणेवरून ते ठरविले? आणि घाईने त्याच्याकडून अनुसरण घेवविणाराही तितकाच चुकतो. पाणी मिळताच दाणा फुगतो, त्याचा श्वास वाढतो, साठविलेल्या पिष्टाची साखर होऊ लागते. मग बहुधा प्रथम मूळ बाहेर येते, कोंब मागाहून. मूळ फुटेपर्यंत दाणा पुन्हा वाळला तरी बहुधा तगतो. मूळ फुटून वाढू लागले की ते सामर्थ्य जाते, आणि तोच कोरडेपणा त्याचा घात करतो. म्हणून नव्याने अनुसरलेल्याची चिंता न अनुसरलेल्यापेक्षा अधिक वाहावी लागते. पुष्कळ ठिकाणी नेमके उलट घडते: दीक्षेपर्यंत त्याच्याभोवती सर्वांचा मेळा असतो, आणि दीक्षेनंतरच्या पहिल्या चातुर्मासात त्याला शास्त्र सांगावयास कोणी सापडत नाही.