शाहिराची गोष्ट कोण सांगणार?

स्वतः गाणी रचून गाणाऱ्या कलावंतावर माहितीपट काढायचा म्हटला की कॅमेरा आपसूक एका चेहऱ्यावर स्थिरावतो. उमेदवारी, प्रसिद्धी, पडझड अशी आयती कथा हाती लागते आणि भोवतालची माणसे साक्ष देण्यापुरती येऊन जातात. माझा आक्षेप या मांडणीला आहे. ज्या समाजातून गाणे आले त्याला स्वतःचे मत आणि मतभेद मांडू न देणाऱ्या माहितीपटात तो कलावंतही अर्धाच दिसतो.

आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) हा माहितीपट या दृष्टीने पुन्हा पाहावा. त्याच्या मुळाशी असलेले शाहीर विलास घोगरे पटवर्धनांच्या आधीच्या 'हमारा शहर'मध्येही गायले होते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतापून रस्त्यावर आलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात दहा जण गेले. त्यानंतर काही दिवसांतच घोगरेंनी गळफास घेतला. डाव्या चळवळीसाठी गाणाऱ्या या शाहिराने त्या वेळी डोक्याला निळे कापड बांधले होते.

वर्गलढ्याची गाणी गाणाऱ्याला अखेरीस आंबेडकरी चळवळीचा निळा रंग जवळ का करावासा वाटला, याचे उत्तर एकट्या घोगरेंच्या चरित्रात मिळणारे नव्हते. म्हणून चौदा वर्षे चित्रीकरण चालले आणि चित्रपट तीन तासांहून लांबला. त्यात गोळीबारात घरची माणसे गमावलेली कुटुंबे बोलतात. जयंतीच्या मंचांवर भीमगीते रंगतात. कबीर कला मंच या सांस्कृतिक गटाच्या शीतल साठे गातात, आणि त्यांची आईही लेकीविषयी स्वतःच्या शब्दांत सांगते. दुसरीकडे, दलितांविषयी बिनदिक्कत तुच्छतेने बोलणारे सुखवस्तू शहरी लोकही आहेत. ही माणसे घोगरेंची थोरवी गाण्यासाठी आणलेली नाहीत. त्यांच्यामुळे घोगरेंचा एकाकीपणा कळतो.

याच सुमारास आलेला 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' (२०१२) डेट्रॉइटच्या सिक्स्तो रॉड्रिगेझवर आहे. मेक्सिकन स्थलांतरितांचा हा मुलगा अमेरिकेत विस्मरणात गेला आणि वर्णद्वेषी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेत त्याच्या नकळत लोकप्रिय झाला. सरकारी संग्रहातल्या त्याच्या तबकडीवर नको असलेले गाणे वाजू नये म्हणून टोकदार हत्याराने ओरखडे काढलेले आपण पाहतो. सेन्सॉरशिप इतक्या जवळून दाखवणाऱ्या या चित्रपटात, त्या राजवटीचा खरा मार सोसणारा कृष्णवर्णीय समाज मात्र जवळजवळ बोलतच नाही. चित्रपटाला ऑस्कर मिळाले, पण ही उणीव त्याने भरून निघत नाही. गोऱ्या तरुणांच्या बंडाला त्या गाण्यांनी बळ दिले हे खरे असेल, पण ते बंड केवढे होते याचे माप आपल्याला मिळत नाही.

'कलाकृती चांगली असली की झाले, माणसांची जात आणि रंग कशाला मोजायचे?' असे विचारले जाते. नुसती मोजदाद मलाही पुरेशी वाटत नाही. पण एखादा आवाज वगळला की कथेचा अर्थच बदलतो, आणि म्हणून हा प्रश्न कलेच्याही दर्जाचा आहे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. पटवर्धन स्वतः दलित नाहीत. चित्रीकरण त्यांचे, संकलनही त्यांचेच. काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे त्यांनीच ठरवले. म्हणून त्यांनी हा विषय हाताळूच नये असे मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षे त्या माणसांकडे परत जाणे आणि चित्रपट वस्त्यांमध्ये नेऊन दाखवणे, ही जबाबदारी त्यांनी निभावली. पण एका दिग्दर्शकाची सचोटी ही काही व्यवस्था नव्हे. आंबेडकरी जलशांची परंपरा भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक यांच्यापासून वस्त्यांनी स्वतःच्या बळावर जपली. तिच्यावरचे चित्रपट करायला लागणारा पैसा, प्रशिक्षण आणि संग्रहातले जुने चित्रण मात्र आजही बहुतांशी इतरांच्या ताब्यात आहे. ज्योती निशा यांच्यासारख्या दिग्दर्शिका बहुजन प्रेक्षकाच्या नजरेचा प्रश्न मांडत स्वतः माहितीपट करत आहेत. अनुदान देणाऱ्या संस्थांनी, चित्रपट शिकवणाऱ्या संस्थांनी आणि महोत्सवांनी अशा कामाला अपवाद न मानता हक्काची जागा दिली पाहिजे. पुढच्या शाहिरावरचा चित्रपट त्याच्याच वस्तीतली मुलगी करेल आणि त्यात कोणाला विशेष काही वाटणार नाही, तेव्हाच प्रतिनिधित्व आले असे म्हणता येईल.