चुकले तिथपर्यंत उसवावे

शास्त्रपाठ : निर्गम ३५:३०-३५, मत्तय ५:२३-२४



बेळगावजवळच्या कडोली गावी एका घरी कौटुंबिक उपासनेसाठी गेलो होतो. उपासना आटोपल्यावर घरातील थोरल्या मुलीने हातभर लांबीचा एक रेशमी तुकडा माझ्यापुढे उलगडला. जरीच्या जमिनीवर हिरव्यानिळ्या रेशमाचे दोन मोर समोरासमोर उभे होते. नाशिक जिल्ह्यातील येवल्यास नातेवाइकांकडे राहून ही मुलगी पैठणीचे विणकाम शिकून आली होती. तिच्या शिक्षणातील हा पहिला नमुना. मी कौतुक केले, तेव्हा ती म्हणाली, "पाळकसाहेब, पाठीमागची बाजू बघा." मी तुकडा उलटा केला. पाहतो तो काय, तेच मोर, तेच रंग, तीच रेखीव मान! सुलटी बाजू कोणती हे मला सांगता येईना.

बेळगावकरांना मागाचा आवाज नवा नाही. वडगाव, शहापूर, खासबाग या भागांत विणकरांची घरे पुष्कळ आहेत. पण तेथे धोटा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ धावतो. पैठणीच्या पदराची रीत निराळी आहे. तेथे प्रत्येक रंगासाठी रेशमाची वेगळी लहानशी तिल्ली असते. विणणारा ताण्याचे उभे धागे मोजतो, जेवढा रंग हवा तेवढ्याच धाग्यांतून ती तिल्ली हाताने काढतो, आणि शेजारच्या रंगाचा धागा आला की दोन्ही एकमेकांत अडकवून परत फिरतो. अशी एक ओळ पुरी झाली की फणीने ठोकायची आणि पुढची ओळ धरायची. मोराचा एक डोळासुद्धा मोजल्याशिवाय येत नाही. म्हणून भारी पदराच्या पैठणीला कित्येक महिने लागतात. आणि धागे मागे लोंबत न ठेवता जागच्या जागी गुंतवलेले असल्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंना सारखी उमटते.

उपदेशात आपण एक दृष्टांत पुष्कळदा ऐकला आहे. आपले जीवन म्हणजे विणलेला गालिचा; आपल्याला त्याची मागची, गाठी-गुंत्यांची बाजू दिसते, देवाला मात्र वरची सुंदर बाजू दिसते. दृष्टांत खोटा नाही. युरोपात चित्रे विणलेले मोठे पडदे अशाच रीतीने होत असत. १५१५ साली पोप दहावे लिओ यांनी रफाएल या चित्रकाराकडून प्रेषितांच्या कृत्यांतील प्रसंग काढून घेण्याचे ठरवले आणि ब्रुसेल्सच्या विणकरांनी ते पडदे विणले. विणकर पाठीमागून विणीत असत, म्हणून रफाएलला आपली चित्रे आरशात दिसावीत तशी उलटी काढावी लागली. दुःखात असलेल्या मनुष्याला या दृष्टांताने धीर येतो, आणि तो यावा.

परंतु बंधूंनो, आपण या दृष्टांताचा गैरवापरही करतो. आपल्या हातून झालेल्या गुंत्यालाच आपण 'देवाची योजना' म्हणू लागतो. मागची बाजू अशीच असायची, असे म्हणून मोकळे होतो. रविवारी सुलटी बाजू मंडळीत, आणि सोमवारपासून उलटी बाजू बाजारात, शेतात, भाऊबंदांत! कडोलीच्या त्या तुकड्याने मला सांगितले की अशीही एक वीण आहे जिला लपवायची बाजूच नाही.

त्या मुलीने मग आपली हकिगत सांगितली. पहिला मोर साधला होता. दुसऱ्याची मान आली तेव्हा ती वाकडी दिसू लागली. मोजून पाहिले, तर चूक मानेत नव्हतीच. चार बोटे खाली, मोराच्या पायापाशी, एक धागा कमी मोजला गेला होता, आणि त्यापुढची प्रत्येक ओळ त्या चुकीवर बेतलेली होती. विणलेले कापड मागाच्या रुळावर गुंडाळले जाते. आणखी थोडे विणले की तो पाय रुळाखाली जाणार आणि कोणाला दिसणार नाही. तिच्या मनात आले, वरच्या वर मान थोडी सावरून घ्यावी. पण शिकवणाऱ्या बाईंनी पाहिले आणि एवढेच म्हटले, "चुकलं तिथपर्यंत उसव."

"दोन दिवसांचं काम होतं, पाळकसाहेब. उसवताना रडूच आलं बघा. पण बाई स्वतःचा माग सोडून माझ्याजवळ येऊन बसल्या. घाई करू नको म्हणाल्या. आडवा धागा काढायचा, उभा तुटू द्यायचा नाही."

प्रिय वाचकहो, पश्चात्ताप म्हणजे काय, हे मी पुष्कळ वर्षे शिकवीत आलो. पण याहून सोप्या शब्दांत मला सांगता आले नव्हते. पश्चात्ताप म्हणजे मान सावरणे नव्हे. वाईट वाटणे, दोन अश्रू, दानपेटीत जरा अधिक पैसे, ही सगळी वरच्या वर सावरासावर झाली. पश्चात्ताप म्हणजे जिथे मोजणी चुकली त्या ओळीपर्यंत मागे जाणे. जक्कयाने प्रभूला जेवू घातले एवढ्यावर तो थांबला नाही. ज्यांचे अन्यायाने घेतले त्यांचे चौपट परत करतो, असे तो उभा राहून म्हणाला (लूक १९:८). तो चुकलेल्या ओळीपर्यंत उसवीत गेला.

आता निर्गमातील पाठाकडे पाहू. निवासमंडपाच्या कामासाठी देवाने बसालेल याला नावाने बोलावले आणि आपल्या आत्म्याने परिपूर्ण केले. देवाने एखाद्या मनुष्याला आपल्या आत्म्याने भरले असे पवित्र शास्त्र प्रथम सांगते ते राजाविषयी नाही, याजकाविषयी नाही, एका कारागिराविषयी. त्याच्याबरोबर अहलियाब होता, आणि निळ्या, जांभळ्या व किरमिजी सुताचे काम व विणकाम करण्याचे ज्ञान देवाने दिले, असे वचनात स्पष्ट आहे. पण चौतिसावे वचन विसरू नका. दुसऱ्यांना शिकवावे, हेही देवानेच त्यांच्या मनात घातले. देव चुका मोजत दूर बसणारा मालक नाही. तो शिकवणारा आहे. ज्याला शिकवायचे असते तोच आपले काम सोडून शिकणाऱ्याच्या शेजारी बसतो. आपला प्रभू स्वर्गीय गौरव सोडून आपल्या शेजारी येऊन बसला तो यासाठीच. आपल्या चुकीचे आडवे धागे तो एकेक काढायला लावतो; पण त्याच्या कृपेचा उभा ताणा तो तुटू देत नाही. उसवणाऱ्याचे जीवन संपत नाही. त्याच ताण्यावर पुन्हा वीण सुरू होते.

आता जे सांगणार आहे ते त्या घरच्यांच्या परवानगीने सांगतो. मुलगी बोलत होती तेव्हा तिचे वडील उंबऱ्याशी बसून ऐकत होते. त्यांचे आणि त्यांच्या धाकट्या भावाचे नऊ वर्षे बोलणे नव्हते. रताळ्याच्या शेताचा बांध हे कारण. दोघेही मंडळीचे सभासद. दोघेही प्रभुभोजनास येत, एक उजवीकडे, एक डावीकडे. मी निघालो तेव्हा ते माझ्याबरोबर चालत आले आणि वाटेत थांबून म्हणाले, "पाळकसाहेब, भांडण भावानं काढलं असं मी सगळ्यांना सांगतोय. पण आधीच्या साली नांगरताना बांध मीच कोरला होता. दोन हात. त्याला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे."

मी काय उत्तर देणार? खरे म्हणजे मलाही शंका होती. दोघांच्या हाती भाकर देताना ती माझ्या मनात येई, आणि मंडळीत शांतता राहावी म्हणून मी ती गुंडाळून ठेवी. प्रभूने तर सांगितले होते की वेदीपाशी आठवण झाली तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी भावाकडे जा. मी अर्पण घेत राहिलो. उसवायचे त्यांना होते, तसे मलाही होते. मी तेथेच त्यांची क्षमा मागितली.

शनिवारी संध्याकाळी ते भावाच्या दारी गेले. भावाने चहा दिला, फारसे बोलला नाही. पेरणीआधी दोघांनी दोरी धरून बांध पूर्वीच्या जागी घातला. सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. नऊ वर्षांची वीण एका दिवसात उसवत नाही. पण पुढच्या प्रभुभोजनाला ते दोघे एकाच रांगेत गुडघे टेकून होते.

निवासमंडपात परमपवित्रस्थानापुढे एक पडदा होता. त्यावर करूब काढलेले होते. कुशल कारागिरांचे ते काम. तसाच पडदा पुढे मंदिरातही होता, आणि पापी मनुष्याला पलीकडे जाण्यास मनाई होती. प्रभूने वधस्तंभावर प्राण सोडला तेव्हा तो पडदा वरपासून खालपर्यंत फाटला (मत्तय २७:५१). वरून फाटला, म्हणजे देवाने फाडला. वाट मोकळी झाली आहे. आता आपली मागची बाजू घेऊन त्याच्यापुढे जाण्यास कोणाला भिण्याचे कारण नाही.

तेव्हा येत्या प्रभुभोजनापूर्वी प्रत्येकाने आपला पदर उलटा करून पाहावा. कोणता बांध, कोणता हिशेब, कोणता शब्द रुळाखाली गुंडाळला गेला आहे? भिऊ नका. शिकवणारा जवळ बसला आहे. चुकले तिथपर्यंत उसवा, आणि पुन्हा विणायला घ्या.

प्रभू आपणा सर्वांस ही कृपा देवो. आमेन.