डोळ्यांना लागलेलं वळण

कॉर्कच्या सेंट पॅट्रिक्स स्ट्रीटला एक मोठं, ऐसपैस वळण आहे. हा शहरातला मुख्य बाजाररस्ता. तो सरळ न जाता असा का वळतो, हे मी इथे आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात कुणाला तरी विचारलं. उत्तर सोपं होतं: खाली नदी आहे. कॉर्क ली नदीच्या दलदलीतल्या बेटांवर वसलं आणि पुढे, अठराव्या शतकात, नदीचे काही फाटे झाकून त्यांचे रस्ते केले गेले. जवळच्या साउथ मॉलवर काही जुन्या घरांची मुख्य दारं अजून पायऱ्या चढून वर आहेत. खालच्या कमानींत पूर्वी बोटी लागत. हे कळेपर्यंत मी मात्र तो पहिल्यापासून रस्ताच होता असं धरून चाललो होतो.

यात कुणाचं काही बिघडत नाही. नदीच्या उत्तरेला संडेज वेलच्या टेकडीवर गोष्ट वेगळी आहे. तिथे दोन इमारती एकमेकींपासून फार लांब नाहीत. एक सिटी गेल, १८२४ साली सुरू झालेला तुरुंग, आता संग्रहालय. दुसरी लाल विटांची, गुड शेफर्ड कॉन्व्हेंट. २००३ च्या आगीत बरीचशी जळाली. तिथे नन चालवत असलेली मॅग्डलीन लाँड्री होती. लग्नाआधी दिवस गेलेल्या, अनाथ, किंवा घरच्यांना नकोशा झालेल्या बायका-मुली तिथे बिनपगारी कपडे धूत. १९ फेब्रुवारी २०१३ रोजी पंतप्रधान एंडा केनी यांनी देशातल्या अशा सगळ्या लाँड्र्यांमधल्या स्त्रियांची संसदेत माफी मागितली.

लपवलेलं काहीच नव्हतं. इमारत टेकडीवर, सगळ्या शहराच्या नजरेसमोर होती. पण तुरुंगाची भिंत पाहिली की आपण विचारतो: गुन्हा काय, शिक्षा किती वर्षांची? कॉन्व्हेंटचं रूप दयेचं. दयेला मुदत कोण विचारणार?

हे लिहायला मला सोपं जातंय, कारण ते दुसऱ्यांचं आहे.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात ओढा पश्चिमेकडून येतो. आधी गावठाण, देऊळ, चावडी, शाळा. मग तो खाली उतरतो आणि तिथे, पलीकडच्या अंगाला, वस्ती. आम्ही 'खाली' म्हणायचो. मला वाटायचं, जमिनीच्या उतारामुळे म्हणतात. आमचं वापरून झालेलं पाणी त्यांच्याकडे जायचं, वाराही बहुतेक तिकडेच. चौथीत गावाचा नकाशा काढायला सांगितला होता. माझा कागद ओढ्यापाशी संपला. गुरुजींनी लाल शाईत 'छान' लिहिलं. वर्गात त्या वस्तीतली तीन मुलं होती. त्यांनी नकाशा कुठून सुरू केला, ते मी पाहिलं नाही.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. समतानगर, भीमनगर अशी नावं सुचवली गेली. हे व्हायलाच हवं होतं. कॉर्कमध्येही किंग स्ट्रीटला आता टोमास मॅककर्टन यांचं नाव आहे, १९२० साली महापौर असताना मारले गेले ते. त्या पाटीमुळेच मी त्यांच्याबद्दल वाचलं. नावं माणसाला प्रश्न विचारायला लावतात, हे काही कमी नाही. पण पाटी बदलली म्हणून ओढा उलटा वाहत नाही.

परक्या गावात वळण दिसतं, स्वतःच्या गावात दिसत नाही, कारण डोळ्यांना सवय होते, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. चौथीतल्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही, हेही खरं. (मी आता पस्तिशीचा आहे, हेही खरंच.) पण ते सवयीचं स्पष्टीकरण त्या तीन मुलांपाशी अडतं. ती काही परक्या गावाची नव्हती. तोच ओढा ती रोज ओलांडून यायची, आणि त्यांना तो दिसत नव्हता असं म्हणायची माझी हिंमत नाही. म्हणजे सवय सगळ्यांना सारखी होत नाही. ज्याला त्या जागेची किंमत मोजावी लागत नाही, त्याला ती लवकर होते.

मागच्या रविवारी फोनवर आईला विचारलं, ती वस्ती तिथेच का गं?

"पहिल्यापासून तिथेच आहे की," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पावसाळ्यात पाणी शिरायचं बघ त्यांच्या घरात. तुझे आजोबा रात्री उठून शाळा उघडून द्यायचे त्यांना झोपायला."

ही गोष्ट घरात मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आजोबांच्या चांगुलपणाची म्हणून. या वेळी विचारलं, असं किती वेळा झालं?

"दर वर्षीच," आई म्हणाली.