आधी माप, मग रोप

नगर तालुक्यातलं हिवरे बाजार हे अवर्षणाच्या पट्ट्यातलं गाव. पाऊस वर्षाला 400 मिलिमीटरच्या आसपास. पावसाळा सरला की इथे ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पर्जन्यमापकात किती पाऊस नोंदला गेला, विहिरींना पाणी किती आलं, हे सगळ्यांसमोर येतं. माणसांचं नि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं, उरलेल्यावर रब्बीला काय पेरायचं ते ठरवायचं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. एकेकाळी पोटासाठी गाव सोडणारी माणसं पुढे परत आली, त्यात तेव्हाचे सरपंच पोपटराव पवारांच्या सोबतीने गावाने पाळलेल्या शिस्तीचा मोठा वाटा होता.

घरच्या बागेत मात्र आपण उलट करतो. रोपवाटिकेत डोळ्यांत भरेल ते रोप आणतो आणि चैत्रात नळ दिवसाआड आला की ते जगवायचं कसं, याचा घोर लावून घेतो.

अंगणाचाही ताळेबंद मांडता येतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते एक लिटर पाणी होतं. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेलं पाणी रोज किती निघतं, तेही बादलीत मोजून पाहावं. दोन बादल्या निघत असतील, तर बाग दोन बादल्यांचीच. त्यात शेवगा, कोरफड, कण्हेर सुखाने राहतात.

हाती आलेलं पाणी मग जपायचं. आळ्यात पालापाचोळ्याचा, पाचटाचा जाड थर द्यावा. पाणी ऊन चढण्याआधी घालावं. भाजलेल्या मातीचं, झिलई नसलेलं मडकं मुळाशेजारी गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलं, की माती सुकेल तसं ते झिरपत राहतं. शेतकरी म्हणतात, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. वरची माती मोकळी झाली, भेगा बुजल्या, की खालची ओल उडून जात नाही. अंगणात हेच काम खुरपं करतं.

तहानलेलं रोप पाहून जीव तुटतो, पण त्याची तहान आपण ते आणलं त्याच दिवशी ठरवलेली असते. म्हणून यंदा नवं रोप आणण्याआधी मोरीत एक बादली ठेवा. दिवसभरात ती किती वेळा भरते ते आठवडाभर मोजा, आणि तेवढीच बाग लावा.