घर पाहावे विकून

‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील म्हणत. घर उभे करणे म्हणजे काय, हे ते स्वतः बांधल्यावाचून उमगत नाही, असा त्या म्हणीचा आशय. आज वसईपासून मुंबईपर्यंत आणि पुण्यापासून नाशिकपर्यंत आपल्यातील फार थोडी कुटुंबे घर बांधतात. बहुतेक जण बांधलेले घर विकत घेतात, आणि त्यातही अनेक जण दुसऱ्याने राहून सोडलेले घर घेतात. तेव्हा या म्हणीला एक पुरवणी जोडायला हरकत नसावी: घर पाहावे विकून. माणसाच्या सचोटीची जी कसोटी घर विकताना लागते ती क्वचितच दुसऱ्या एखाद्या व्यवहारात लागत असेल. आयुष्यात एकदोनदाच येणारा प्रसंग, लाखो रुपयांची रक्कम, समोर बहुधा पुन्हा न भेटणारा माणूस, आणि त्याला ठाऊक नसलेली परंतु आपल्याला पक्की ठाऊक असलेली एखादी गोष्ट. अशा वेळी आपण काय बोलतो आणि कुठे गप्प बसतो?

आधी घर पाहायला येणारा काय पाहतो ते बघू. दार उघडताच प्रथम कामाला लागते ते नाक. कोंदट वास आला की मन तिथेच मागे सरते. मग डोळे उजेड शोधतात. खिडकीतून आकाश दिसते की समोरच्या इमारतीचे न्हाणीघर, हे पाहिले जाते. गृहिणी थेट स्वयंपाकघरात जाते. ओटा किती लांब आहे, नळाला धार कशी आहे, कपडे वाळत कुठे घालायचे, हे ती कुणाला न विचारता ताडते. म्हातारी माणसे जिने मोजतात आणि चर्च, दवाखाना व बाजार किती अंतरावर आहे ते विचारतात. कुटुंबप्रमुख चटई क्षेत्राचा हिशोब करतो. जाणकार असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, इंडेक्स टू, मालमत्ता कराची पावती, सोसायटीचा भागदाखला मागतो आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, अशी चौकशी करतो. चाणाक्ष माणूस याहून एक गोष्ट अधिक पाहतो: चार भिंती जुन्या रंगाच्या असताना एकच कोपरा ताजा रंगवलेला का आहे?

एवढे सगळे पाहूनही घर पूर्ण दिसत नाही. आपल्या कोकणपट्टीत फेब्रुवारीत घर पाहिले तर भिंतीतली ओल झोपलेली असते. ती जागी होते आषाढात. जुलै २०१८ मध्ये वसईच्या अनेक वस्त्यांत पाणी शिरले आणि लोक घरात अडकून पडले. त्या वस्त्यांतले एखादे घर पुढल्या उन्हाळ्यात पाहणाऱ्याला तिथे कोरडी फरशी आणि हसरी भिंतच दिसली असणार. रात्री वरच्या मजल्यावरून येणारा आवाज दुपारी ऐकू येत नाही. एप्रिलच्या अखेरीस टँकर मागवावा लागतो हे ऑक्टोबरात कळत नाही. घेणाऱ्याची नजर कितीही तीक्ष्ण असली तरी ती एका ठिकाणी येऊन थांबते, आणि ती जिथे थांबते तिथे विकणाऱ्याच्या जिभेचे कर्तव्य सुरू होते की नाही, हा खरा नैतिक प्रश्न आहे.

हा प्रश्न दोन हजार वर्षांहून जुना आहे. रोमचा विचारवंत सिसेरो याने इ. स. पूर्व ४४ मध्ये, अथेन्सला शिकत असलेल्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात तो अगदी हेच उदाहरण घेतो. एका गृहस्थाला आपले घर विकायचे आहे. घर रोगट आहे, खोल्याखोल्यांतून सरपटणारे प्राणी निघतात, लाकूड निकृष्ट आहे. परंतु हे मालकाखेरीज कुणालाच ठाऊक नाही. त्याने ते सांगावे का? दोन स्टोइक तत्त्वज्ञांची मते सिसेरो समोरासमोर ठेवतो. बॅबिलोनचा डायोजेनीस म्हणतो, मालकाने कुणावर बळजबरी केलेली नाही. त्याला नको होते ते त्याने विकायला काढले, दुसऱ्याला हवे होते ते त्याने घेतले. आपल्याच मालाचे दोष दवंडी पिटून सांगणारा विक्रेता हास्यास्पद ठरेल. त्याचा शिष्य परंतु त्याच्याशी असहमत असलेला अँटिपेटर विचारतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवणे हे अथेन्समध्ये निंद्य मानले जाते, मग जाणूनबुजून माणसाला चुकीच्या वाटेवर जाऊ देणे त्याहून वाईट नव्हे काय?

सिसेरोचा निर्णय अँटिपेटरच्या बाजूने आहे, आणि त्याने केलेला भेद आजही उपयोगी पडतो. प्रत्येक मौन म्हणजे लपवाछपवी नव्हे. परंतु समोरच्याला जे कळणे त्याच्या हिताचे आहे, ते त्याला कळू नये अशी इच्छा आपण केवळ स्वतःच्या फायद्यासाठी धरतो, तेव्हा ते मौन लपवाछपवी ठरते. थोडक्यात, आपण गप्प का आहोत हे स्वतःला विचारले की उत्तर मिळते.

याच ग्रंथात एक मजेदार कथाही आहे. कॅनियस नावाच्या रोमन गृहस्थाला सिराक्यूज येथे समुद्रकाठी एक बाग विकत हवी होती. पिथियस नावाच्या सावकाराने त्याला आपल्या बागेत जेवायला बोलावले, आणि आदल्या दिवशी कोळ्यांना सांगून ठेवले की उद्या माझ्या बागेसमोर मासे धरा. कॅनियस आला तो समोर होड्यांची दाटी, आणि जो तो कोळी पिथियसच्या पायाशी मासे आणून टाकतो आहे! भुललेल्या कॅनियसने मागेल ती किंमत देऊन बाग घेतली. दुसऱ्या दिवशी मित्रांना घेऊन येतो तो एकही होडी नाही. शेजाऱ्याला विचारले, आज कोळ्यांचा सण आहे काय? शेजारी म्हणाला, छे, इथे कुणी मासे धरत नाही. काल काय झाले त्याचे मलाच नवल वाटले.

पिथियस एक शब्दही खोटे बोलला नाही, असे कुणी म्हणू शकेल; त्याने फक्त देखावा उभा केला. आपल्याकडे होड्या नसतील, परंतु गळक्या भिंतीपुढे सरकवलेले कपाट असते, घर पाहायला कुणी येणार म्हणून त्या दिवशी मुद्दाम भरून ठेवलेली टाकी असते, आणि ओलीवर मारलेला तो ताजा रंग असतो. घर झाडून, आवरून, दिवे लावून दाखवणे हे पाहुण्याचे स्वागत आहे. त्यात गैर काहीच नाही. दोष झाकण्यासाठी केलेली सजावट मात्र मुक्याने बोललेले असत्य होय.

सिसेरोने सांगितलेला तिसरा प्रसंग तर आपल्या दारातला वाटावा. सेंटुमॅलस नावाच्या रोमन मालकाला, शकुन पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी घराचा उंच भाग पाडण्याची आज्ञा दिली. त्याने ती आज्ञा न सांगता घर विकून टाकले. पुढे पाडण्याचा हुकूम नव्या मालकावर बजावला गेला. खटला झाला आणि विकणाऱ्याने नुकसान भरून द्यावे, असा निवाडा झाला. आता नालासोपारा आठवून पाहा. सांडपाणी प्रक्रिया केंद्र व कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ बेकायदा इमारती न्यायालयाच्या आदेशानुसार २०२४-२५ मध्ये पाडण्यात आल्या. तिथे राहणाऱ्या कुटुंबांनी ओटा पाहिला असेल, नळ सोडून पाहिला असेल, खिडकीतून वारा येतो की नाही तेही पाहिले असेल. जमिनीवरचे आरक्षण मात्र खिडकीतून दिसत नाही. ज्यांना ते ठाऊक होते त्यांचे मौन त्या लोकांच्या जन्माच्या कमाईवर कोसळले.

कायदा या बाबतीत आपण समजतो तितका मुका नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम असे की, मालमत्तेत किंवा आपल्या मालकी हक्कात असलेला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, आणि घेणाऱ्याला ठाऊक नाही व जो साधारण काळजी घेऊनही त्याच्या ध्यानात येणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने नव्या इमारतींच्या बाबतीत बांधकाम व्यावसायिकावर पाच वर्षांपर्यंत रचनेतील दोष दूर करण्याची जबाबदारी टाकली. परंतु एका कुटुंबाने दुसऱ्या कुटुंबाला विकलेल्या जुन्या घराला आधार आहे तो त्या १८८२ च्या कायद्याचा, आणि अर्थात विकणाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीचा.

संत थॉमस अक्वायनस तेराव्या शतकात हाच विचार करताना दिसतात. डळमळीत घर भक्कम म्हणून विकणे ही गोष्ट ते लंगडा घोडा धावरा म्हणून विकण्याच्या पंक्तीला बसवतात. परंतु त्यांचा विवेक संतुलित आहे. दोष उघड दिसणारा असेल, जसा एका डोळ्याने आंधळा घोडा, आणि त्या मानाने किंमत कमी केली असेल, तर तो बोलून दाखवण्याचे बंधन ते घालत नाहीत. म्हणजे लिफ्ट नसलेल्या इमारतीत लिफ्ट नाही असे कुणी घोषित करायला नको. दरवर्षी पावसाळ्यात बेडरूमची भिंत पाझरते, हे मात्र सांगायलाच हवे.

मग सगळेच सांगायचे काय? या घरात कोण मेले, कसे मेले, हेही? हा प्रश्न वरवर दिसतो तितका भाबडा नाही. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने घर घेणाऱ्याला करारातून मोकळीक दिली, कारण त्या घरात भुते आहेत असे मालकिणीने स्वतःच वृत्तपत्रांतून जगाला सांगितले होते आणि गिऱ्हाइकाला तेवढे सांगितले नव्हते. जपान सरकारने २०२१ मध्ये घरांचे व्यवहार करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. घरात नैसर्गिक मृत्यू झाला असेल तर ते आपणहून सांगण्याची गरज नाही. परंतु घेणाऱ्याने विचारले तर खरे ते सांगावे, असे त्यांचे सार आहे. मला हा भेद योग्य वाटतो. ओल हा घराचा दोष आहे. आजोबांनी आपल्या खाटेवर, मुलानातवंडांच्या प्रार्थनेत डोळे मिटले हा घराचा दोष नव्हे. तरीही कुणी सरळ विचारलेच, तर खोटे बोलण्याची मुभा त्याच्या भित्रेपणामुळे आपल्याला मिळत नाही.

‘शेजारी कोण?’ या प्रश्नाचेही तसेच आहे. रात्री दोनपर्यंत ढोल वाजत असेल तर ते सांगावे. परंतु शेजाऱ्याची जात, धर्म आणि त्याच्या स्वयंपाकाचा वास यांची यादी देऊन घराचा भाव चढवणे किंवा उतरवणे म्हणजे माणसाला ओलीच्या रांगेत बसवणे होय. एका समाजापुरतेच सभासदत्व ठेवणारा सोसायटीचा नियम २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात ग्राह्य धरला. कायद्याने चालते म्हणून मनाने ते चालवून घ्यावे असे नाही. मासे शिजवतात म्हणून घर नाकारले गेल्याचा अनुभव आपल्यातील कित्येकांना आहे. तेच लोक स्वतः घर विकायला निघाले की ‘आपलाच माणूस बरा’ म्हणतात. हे दोन्ही तराजू एकाच हातात कसे काय राहतात?

इथवर विकणाऱ्याचीच झडती झाली. आता घेणाऱ्याकडे वळू. घर पाहायला आलेला माणूस भिंतीबरोबर माणसेही पाहतो. टेबलावरचे औषधांचे खोके त्याला दिसते. मालकिणीचा स्वर घाईचा आहे, फोन आला की ती आत जाऊन बोलते, हे तो हेरतो. यांना पैशाची निकड आहे असे त्याच्या लक्षात येते आणि तो पाच लाख रुपये खाली उतरतो. घासाघीस करू नये असे मी म्हणणार नाही. घेणाराही वीस वर्षांच्या कर्जाचे जोखड मानेवर घेणार असतो. दुरुस्तीचा खर्च, बाजारभाव, घराचे वय यांवरून किंमत कमी मागणे रास्तच. संत थॉमस म्हणतात की, घेणाऱ्याची विशेष गरज ही काही विकणाऱ्याच्या मालकीची वस्तू नाही, म्हणून तिच्यासाठी त्याने जादा दाम आकारू नये. हाच न्याय उलट लावला तर, रुग्णालयाचे बिल ही घेणाऱ्याची मिळकत नव्हे. त्यातून त्याने नफा काढू नये. वर सांगितलेल्या ५५ व्या कलमाने घेणाऱ्यालाही बांधले आहे. विकणाऱ्याचा हक्क तो समजतो त्यापेक्षा मोठा आहे, त्याने किंमत बरीच वाढते, आणि हे घेणाऱ्याला ठाऊक असून विकणाऱ्याला ठाऊक नाही असे दिसत असेल, तर घेणाऱ्याने ते सांगितले पाहिजे. गावठाणातील जुन्या वाटण्यांचे कागद कसे असतात हे जाणणाऱ्यांना या कलमाचे मोल कळेल.

‘एवढे खरे बोलणाऱ्याचे नुकसान होईल’ हा आक्षेप मला मान्य आहे. सचोटी नेहमी फायद्याची ठरते, असे मी सांगणार नाही. गळक्या भिंतीसाठी दोन लाख कमी मिळाले तर ते कमीच मिळाले. पण ते दोन लाख मुळात कुणाचे होते? भिंत कुणीतरी दुरुस्त करणारच आहे. मौन पाळले तर खर्च टळत नाही, तो न सांगता दुसऱ्याच्या खिशातून काढला जातो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की, दोष लपवण्याची रीत पडली की घेणारा प्रत्येक मालाकडे संशयाने पाहतो, आणि चांगल्या मालाच्या प्रामाणिक मालकालाही योग्य किंमत मिळेनाशी होते. एकाच्या मौनाचा भुर्दंड असा साऱ्या वस्तीला बसतो.

जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीवर पडणाऱ्या हिरवट-तांबूस डागांविषयी सविस्तर नियम आहेत. याजक येऊन भिंत तपासतो, घर सात दिवस बंद ठेवतो. डाग पसरला तर ते दगड काढून नवे बसवायचे, नवा गिलावा करायचा, आणि तरीही चट्टा उठला तर घर पाडायचे. धर्मगुरू म्हणून घरांना आशीर्वाद देत फिरताना मला त्यातील दोन बारकावे विशेष आठवतात. पहिला असा की, याजक आपणहून झडती घ्यायला जात नाही. घराच्या धन्याने स्वतः जाऊन, माझ्या घरात काहीतरी चट्ट्यासारखे दिसते, असे सांगायचे असते. दुसरा असा की, याजक आत येण्यापूर्वी घरातील सामान बाहेर काढायची मोकळीक धन्याला आहे, म्हणजे ते अशुद्ध ठरून वाया जाऊ नये. खरे सांगणाऱ्याचे विनाकारण नुकसान होऊ नये, याची काळजी त्या नियमाने घेतली आहे.

म्हणून घर विकायला काढण्यापूर्वी एखाद्या पावसाळी सकाळी ते परक्याच्या डोळ्यांनी एकदा फिरून पाहावे. परक्याला न दिसणारे जे जे आपल्याला ठाऊक आहे ते कागदावर लिहावे, दुरुस्तीचा अंदाज घ्यावा, तेवढी किंमत उतरवावी, आणि तो कागद चहाच्या कपाबरोबर पाहुण्यापुढे ठेवावा. तो वाचून काही जण निघून जातील. जो थांबेल त्याच्याशी, पहिल्या पावसानंतर रस्त्यात गाठ पडली तरी, नजर चुकवण्याची पाळी येणार नाही.