अनवाणी धांवणें आणि योग

वेताळ टेकडीवर पहांटे धांवावयास येणाऱ्या मंडळींत अलीकडे कांहीं गृहस्थ बूट काढून ठेवून धांवतांना दिसतात. हाहि एक योगच आहे, असें त्यांचें म्हणणें आम्हीं एकाहून अधिक वेळां ऐकिलें आहे. तें थट्टेवारी नेण्यासारखें नाहीं. पण जसेंच्या तसें मान्य करण्यासारखेंहि नाहीं.

शरीराचा विचार थोडक्यांत आटोपूं. हार्वर्डचे प्राध्यापक डॅनियल लीबरमन व त्यांचे सहकारी यांनीं 2010 सालीं असें दाखवून दिलें कीं, अनवाणी धांवण्याची ज्यांस पूर्वींपासून संवय आहे ते बहुधा पावलाच्या पुढच्या भागावर उतरतात, व टांच प्रथम आपटल्यानें बसणारा धक्का त्यांस फारसा बसत नाहीं. इथिओपियाच्या अबेबे बिकिलानें 1960 सालीं रोमची ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणीच जिंकली होती. परंतु एवढ्यावरून हा व्यायाम ठरेल. योग कां म्हणावें?

याचें उत्तर आमच्या मतें पुण्यांतच सांपडतें. बी. के. एस. अय्यंगार 1937 सालीं येथें योग शिकविण्यास आले. 1966 सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत त्यांनीं आसनांचा आरंभ ताडासनापासून, म्हणजे नुसत्या उभें राहण्यापासून, केला आहे. आपण शरीराचा भार पावलांवर सारखा टाकीत नाहीं, आणि ही खोड बुटाच्या झिजलेल्या टांचेवरून ओळखतां येते, असें ते तेथें सांगतात. बूट झिजेपर्यंत जें कळत नाहीं, तें उघड्या पावलास खड्यागणिक कळतें. टेकडीच्या मुरुमांत अनवाणी धांवणाऱ्यास मन घरच्या हिशेबांत गुंतवून चालत नाहीं. चित्त एका स्थळीं बांधण्यास पतंजलींनीं धारणा म्हटलें आहे. खड्याच्या भीतीनें बांधलेलें चित्त त्या योग्यतेचें नव्हे हें खरें. पण डांबरी सडकेवर आल्यावरहि ज्याचें अवधान टिकतें, त्याच्या धांवण्यास योगाचें नांव देण्यास आमची हरकत नाहीं.

खरी अडचण पुढेंच आहे. लता भगवान करे यांनीं साठी उलटल्यावर नऊवारी लुगडें नेसून, अनवाणी पायांनीं बारामतीची शर्यत जिंकली. पतीच्या वैद्यकीय तपासण्यांस पैसा हवा होता. त्यांच्यावर 2020 सालीं चित्रपट निघाला, आणि त्यांच्या उघड्या पायांस तपश्चर्या म्हणणारे सुशिक्षित लोक आम्हांस भेटले. हा शब्द आम्हांस बोंचतो. टेकडीवरील गृहस्थाचे बूट झाडाखालीं ठेवलेले असतात. पाय रक्ताळला तर तो ते चढवील. ही मोकळीक आहे म्हणूनच त्याच्या अनवाणीपणास अपरिग्रहाचा कांहीं अर्थ येतो. करेबाईंनीं कोणत्या वस्तूचा त्याग केला? त्यांचें कृत्य प्रेमाचें व धाडसाचें, आणि त्या गृहस्थाच्या व्यायामाहून कितीतरी मोठें. पण त्यास तप म्हणणें म्हणजे दारिद्र्यास भगवें वस्त्र नेसविणें होय. शिवाय यांत आपली सोयहि आहे: तपस्विनीस कोणी वहाणा घेऊन देत नाहीं.

कोणी म्हणेल, वारींतला गरीब वारकरीहि अनवाणी चालतो, वेळापुरास धांवाहि करतो. तो काय योगी नव्हे? घरीं असलेल्या वहाणा ठेवून जो निघाला, त्याचा तो नेम आहे, मग त्या वहाणा कितीहि जुन्या असोत. ज्याच्या घरीं त्या नाहींतच, त्याच्याविषयींचा निवाडा त्याच्या पायांकडे पाहून देतां येणार नाहीं. त्यास विचारलें पाहिजे.